पार्श्वभूमी : टाळेबंदीत पाडे कशावर तगले?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईत गोरेगावजवळच्या आरेतल्या आदिवासी पाड्यांवरच्या अनेक घरांची रोजची कमाई थांबली. घरकामाला जाणाऱ्या बायकांना सोसायट्यांच्या फाटकातूनच परत फिरावं लागलं. ज्यांच्या घरामागे भाजीची वाडी होती, त्यांच्या ताटात निदान भाजी तरी आपली होती. जूनमध्ये भाताची कामं सुरू झाली, रानात शेवळं आली, मग करटोली, या पावसाळ्यातल्या रानभाज्या. शहराने याला जिद्द म्हटलं. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीवर भात पिकत नाही, त्याला जमीन लागते. इथली खरी गोष्ट त्या जमिनीचीच आहे.

शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभारली, तेव्हा वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं तिथे आधीपासून राहत होती. जमीन दुग्धविकास खात्याकडे गेली. ती कसणाऱ्यांच्या नावाचा सातबारा मात्र कुठे झाला नाही. आज आरेत २७ पाडे सांगितले जातात. पावसाळ्यात उतारावर भात, घराभोवती पडवळ, दोडकी, काकडी. घरात लागेल तेवढं ठेवून उरलेलं टोपलीत घालून बाजारात. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला, पण तो वनजमिनीसाठी, आणि आरे हे वन नाहीच, असं सरकार न्यायालयात सांगत राहिलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या गाड्या उभ्या करायच्या कारशेडसाठी रातोरात झाडं पडली ती याच युक्तिवादाच्या आधारावर. टाळेबंदी आली तेव्हा त्याला सहा महिनेही झाले नव्हते.

अडचणीच्या काळात कलेतून चार पैसे मिळवायचे, हीसुद्धा २०२० मध्ये सुचलेली गोष्ट नव्हे. वारली चित्र मुळात लग्नघरातलं. सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा, त्यात पालघट ही वारल्यांची देवी बसवायची. विकण्याचा प्रश्नच नव्हता. बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा, १९६० च्या दशकात, भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने मिथिलेतल्या बायकांना कागद दिला आणि भिंतीवरची चित्रं बाजारात येऊ लागली. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णीच वारल्यांच्या डहाणूकडे आले. नावाजलेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तिथलेच. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता आरेतल्या घरांवरही वारली चित्रं दिसतात आणि पाहुणे त्यांचे फोटो काढतात. भिंतीवरच्या चित्राला कमाईचं साधन करण्याची ही वाट बिहारच्या दुष्काळातून निघाली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

धारावीच्या कुंभारवाड्यात जमीन आणि कला एकाच अंगणात आहेत. सौराष्ट्रातून आलेले हे कुंभार शहर वाढेल तसे मागे सरकत १९३० च्या दशकात तिथे स्थिरावले. घर, चाक आणि भट्टी शेजारीशेजारी, त्यामुळे टाळेबंदीतही माती हाताशी होती, गिऱ्हाईक नव्हतं. आणि माठांचा हंगाम नेमका उन्हाळ्याचा.

ऑक्टोबर २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा आणि कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय जाहीर झाला. आदिवासींचे हक्क अबाधित राहतील, असंही तेव्हा सांगितलं गेलं. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतली. त्या कारशेडसाठी हलवलेली प्रजापूरपाड्यातली कुटुंबं टाळेबंदीच्या कितीतरी आधीच इमारतीत राहायला गेली होती. टाळेबंदीत त्यांच्या घरामागे वाडी नव्हती.