खतना झालेल्या बाईला गोव्यात उपचार हवे असतील तर: कुठे जायचं, कोणते कागद लागतात

केस पेपरच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "काय त्रास?" मागे वीस माणसं उभी असतात. त्यात शेजारच्या चाळीतला कुणी असतो, नवऱ्याच्या कंपनीतला कुणी असतो. या प्रश्नाचं उत्तर म्हणून आपली सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "गायनॅक ओपीडी" एवढे दोनच शब्द पुरतात. खिडकीवरच्या माणसाला नाव, वय, पत्ता आणि विभाग हवा असतो, बाकीचं आत डॉक्टरांशी बोलायचं.

हे आधीच सांगायचं कारण असं, की एका बाईला मी याच खिडकीवरून परत फिरताना पाहिलं आहे. दुभाषी म्हणून मी तिच्यासोबत होते. खिडकीवरच्या माणसाने आवाज चढवून तिसऱ्यांदा विचारलं, तिने माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या करून मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवला आणि सरळ बसस्टॉपकडे चालू लागली. पुन्हा यायला तिला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत लघवीचं इन्फेक्शन तीनदा झालं.

खतना म्हणजे मुलीच्या जननेंद्रियाचा बाहेरचा भाग वैद्यकीय कारण नसताना कापणं किंवा त्याला इजा करणं. जागतिक आरोग्य संघटनेने याचे चार प्रकार केले आहेत. पहिल्यात शिश्निका (योनीच्या वरचा छोटा, नाजूक उंचवटा) किंवा तिच्यावरची त्वचा कापतात, दुसऱ्यात आतले ओठही कापतात, तिसऱ्यात कापून योनीचं तोंड शिवून अरुंद करतात, आणि टोचणं, चिरणं, डागणं अशा उरलेल्या सगळ्या इजा चौथ्यात मोडतात. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून जास्त मुली आणि बायकांवर हे झालेलं आहे. सोमालिया, सुदान, इजिप्त, गिनी या देशांत प्रमाण फार मोठं आहे, नायजेरियात काही भागांत ही प्रथा आहे. आपल्या देशात दाऊदी बोहरा समाजात ती चालत आली, तिथे तिला खतना किंवा खफ्ज म्हणतात आणि मुलगी साधारण सात वर्षांची असताना ती करतात. या प्रथेविरुद्ध सगळ्यात आधी आणि सगळ्यात ठामपणे याच समाजातल्या बायका बोलल्या, हेही लक्षात असू द्या. कुठल्याही समाजाकडे बोट दाखवायला हा लेख वापरू नका.

गोव्यात कामाला, शिकायला, धंद्याला आलेल्या कुटुंबांमध्ये अशा बायका आहेत. आपण त्यांना सहज "भायले", म्हणजे बाहेरचे, म्हणून मोकळे होतो. पण त्या आपल्याच वाड्यावर भाड्याने राहतात, आपल्याच दुकानातून दूध घेतात, आणि दुखणं कुणाला सांगायचं हे त्यांना माहीत नसतं. भाडेकरूच्या खोलीत, शाळेत, अंगणवाडीत, दवाखान्यात तुमचा त्यांच्याशी संबंध येत असेल, तर पुढची माहिती तुमच्याही कामाची आहे.

सज्ञान बाईसाठी: पोलीस नाही, दाखला नाही

बाई अठरा वर्षांवरची असेल आणि लहानपणी, गावाकडे किंवा दुसऱ्या देशात तिच्यावर हे झालं असेल, तर उपचारासाठी तिला पोलिसांचा कागद लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. नवऱ्याची सहीसुद्धा लागत नाही. सज्ञान बाईची संमती ही तिची स्वतःची असते. "नवऱ्याला घेऊन या" असं कुणी म्हटलंच, तर शांतपणे सांगा की संमतीपत्रावर मीच सही करणार आहे.

सुरुवात जवळच्या प्राथमिक किंवा शहरी आरोग्य केंद्रापासून करता येते. थेट म्हापशाच्या उत्तर गोवा जिल्हा रुग्णालयात, मडगावच्या दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात गेलात तरी चालतं. म्हापशाच्या रुग्णालयाला लोक अजून आझिलो आणि मडगावच्याला हॉस्पिसियो म्हणतात, रिक्षावाल्याला तीच सांगा. शस्त्रक्रिया लागण्यासारखं असेल तर केंद्राची चिठ्ठी घेऊन गोमेकॉत गेलेलं बरं, फेऱ्या वाचतात.

आत डॉक्टरांना मात्र स्पष्ट सांगायचं. पहिल्या आणि चौथ्या प्रकारात व्रण इतका बारीक असू शकतो की शोधत नसलेल्या डोळ्यांना तो दिसतच नाही. इथल्या बऱ्याच डॉक्टरांनी तिसरा प्रकार प्रत्यक्ष कधी पाहिलेला नसतो. म्हणून एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: कितव्या वर्षी झालं, कापलं की शिवलंही, आणि आत्ता नेमका काय त्रास होतो. लघवीला वेळ लागतो का, पाळीत रक्त अडकल्यासारखं होऊन दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, व्रणावर गाठ आली आहे का, झोपेत तो दिवस पुन्हा दिसतो का. शेवटची गोष्ट सांगायला बायका संकोचतात, पण मानसोपचार हा या उपचाराचाच भाग आहे आणि गोमेकॉत त्यासाठी पाठवता येतं. आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. डॉक्टर गोंधळलेले वाटले तर तसं नम्रपणे सुचवा, चांगला डॉक्टर त्यात अपमान मानत नाही.

तपासणी बाई डॉक्टरांनी करावी असं मागता येतं. दुभाषी म्हणून नवरा, सासू किंवा स्वतःची मुलगी नको. घरच्या माणसासमोर बाई अर्धं बोलते आणि उरलेलं अर्धं दुभाषीच गिळतो.

गरोदर असेल तर थांबू नका

सहा आफ्रिकी देशांतल्या २८ हजारांहून जास्त बाळंतिणींचा आरोग्य संघटनेचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खतना झालेल्या बायकांमध्ये सिझेरियन, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि बाळ दगावणं यांचं प्रमाण जास्त आढळलं, आणि तिसऱ्या प्रकारात ते सगळ्यात जास्त होतं. शिवलेला भाग उघडण्याची शस्त्रक्रिया बाळंतपणाच्या आधी किंवा कळा सुरू असताना करता येते. कळा आल्यावर धावपळीत कुणाला काही कळण्यापेक्षा हे आधी ठरलेलं असलं तर लघवीची नळी घालणं, आतली तपासणी, टाके, सगळं सोपं होतं. आणि बाळंतपणानंतर पुन्हा पूर्वीसारखं शिवून अरुंद करायचं नाही. घरच्यांनी आग्रह धरला तरी डॉक्टरांनी ते करायचं नसतं. कळा येण्याआधीच नर्सबाईंना हे सांगून ठेवा.

म्हणून पहिल्याच महिन्यांत आरोग्य केंद्रात नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. आधार कार्ड असेल तर न्या, पासबुक न्या, पण कागद नाही म्हणून गरोदर बाईने घरी बसू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, हे सगळं त्यात मोफत आहे. पैशांची गोष्ट निघाली तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.

पैसे आणि पत्त्याचा पुरावा

खरा घोळ इथेच होतो. २०१८ पासून गोमेकॉ आणि जिल्हा रुग्णालयांत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं. त्यामुळे खिडकीवर गोव्यात राहत असल्याचा पुरावा मागतात.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डासाठी गोव्यात किमान ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण मिळतं. मामलेदारांच्या (तहसीलदारांच्या) पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याशी याची गल्लत करू नका. तो वेगळा कागद आहे, वेगळ्या कामासाठी. त्याच्या मागे धावून दमलेली कितीतरी माणसं कार्ड न काढताच गप्प बसतात. ५ वर्षं दाखवायला पंचायतीचा किंवा पालिकेचा रहिवासी दाखला, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, आधार, मुलांचे शाळेचे दाखले असं जे हाती असेल ते एकत्र करा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे यातलं बहुधा एकही त्यांच्या नावावर नसतं, कारण घरमालक करार लिहून द्यायला तयार नसतो. घरमालकांना माझी हात जोडून विनंती आहे: भाडेकरार करा आणि भाडेकरूची पोलीस पडताळणी करून घ्या. तुमचं काही जात नाही, आणि त्या एका कागदावर कुणाचं ऑपरेशन अडलेलं असू शकतं.

५ वर्षं झालेली नसतील आणि मूळ राज्यात आयुष्मान भारतचं कार्ड निघालेलं असेल, तर ते घेऊन या. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं हे संरक्षण राज्याच्या सीमेवर संपत नाही, देशभरातल्या यादीतल्या रुग्णालयांत चालतं. दोन्ही योजनांत भरती होण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या कक्षात जाऊन आपली शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसते का ते विचारा आणि पूर्वपरवानगी घ्या. आधी पैसे भरले आणि नंतर कार्ड दाखवलं, तर ते पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

परदेशी बाईने पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत सोबत ठेवावी, निर्वासित असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड. परदेशी रुग्ण भरती झाला की रुग्णालयाला तसं कळवावं लागतं, म्हणून खोटं नाव सांगू नये. व्हिसा संपलेला असेल आणि त्रास जुना असेल तर आधी १५१०० वर विधी सेवेचा वकील मागा. रक्त जात असेल, लघवी पूर्ण अडली असेल, कळा सुरू असतील, तर वकील नंतर, आधी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका. तातडीच्या वेळी जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर नियम बदलतो

इथे "तिची इच्छा, त्यांचा घरचा मामला" म्हणता येत नाही.

खतनाविरुद्ध वेगळा कायदा भारतात नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे गेली आणि २०१९ मध्ये हे प्रश्न आणखी मोठ्या पीठापुढे ठेवले गेले. पण वेगळा कायदा नाही म्हणजे गुन्हा नाही असं नव्हे. भारतीय दंड संहिता आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) यांखाली हा गुन्हाच आहे, अशी भूमिका केंद्र सरकारने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घेतली. आज दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, धारदार साधनाने इजा करण्याचं कलम तिच्यात ११८ आहे. शिवाय गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे. मुलाचा शारीरिक वा मानसिक छळ, क्रूर वागणूक, जखमी मुलाला उपचार न देणं हे त्यात बाल अत्याचारात मोडतं, आणि राज्यात त्यासाठी बाल न्यायालय आहे. डॉक्टरने भूल देऊन केलं म्हणून ते सुरक्षित किंवा कायदेशीर होत नाही.

पोक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने कळवायचं असतं. शिक्षिका, नर्स, शेजारीण, सगळ्यांना हे लागू आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीच्या मदतीचा क्रमांक) वर फोन करा, किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला जा. घटना मुंबईत किंवा गुजरातेत घडली असली तरी तक्रार इथे देता येते, ती पुढे पाठवणं पोलिसांचं काम.

त्याआधी किंवा त्याचवेळी मुलीला दवाखान्यात न्या. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत लिहिलेलं आहे की तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टर किंवा रुग्णालय कुठलाही पोलिसी किंवा न्यायालयीन कागद मागू शकत नाही. एफआयआरची वाट पाहत बाकावर बसू नका. मुलीची तपासणी बाई डॉक्टरच करते, आणि मुलीचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस तिथे हजर राहू शकतं. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतला जातो, शक्यतो बाई अधिकाऱ्याकडून, आणि गणवेशात नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. कपडे, जेवण, येण्याजाण्याचा खर्च यांसाठी समिती तातडीच्या मदतीची शिफारस करू शकते, ती रक्कम आठवड्याभरात मिळायला हवी. आपल्याकडून कुणी हे मागत नाही म्हणून ते मिळत नाही.

अजून काही झालेलं नसेल, नुसती कुणकुण असेल, तरीही १०९८ चालतो. सात वर्षांची पोर वर्गात सांगते, सुट्टीत आजीकडे जाणार आहे, नवा फ्रॉक मिळणार आहे, पण ते गुपित आहे. खतना झालेल्या बायकांच्या आठवणी ऐका, त्यांची सुरुवात पुष्कळदा अशीच असते. आईला बाजूला घेऊन आधी बोला. तिच्यावरही तेच झालेलं असू शकतं आणि तिलाही कुणीतरी थांबवायला हवं असू शकतं. बोलून भागलं नाही तर फोन करा.

सज्ञान बाईला घरातून धमक्या येत असतील, बाहेर काढलं असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनवरून सखी केंद्र गाठता येतं. तिथे तात्पुरता आसरा, समुपदेशन, डॉक्टर, पोलीस आणि वकील यांची सोय एका ठिकाणी होते. बाई आणि मूल यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये ते स्पष्ट आहे. नुकसानभरपाईचा अर्जही याच वकिलाकडून करून घ्या.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्या कागदांची प्रत मागा: केस पेपर, तपासण्या, शस्त्रक्रियेची नोंद. मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी लागते. निदानाच्या रकान्यात खतन्याचा उल्लेख आहे ना ते तिथेच वाचून घ्या, वाचता येत नसेल तर नर्सकडून वाचून घ्या. पुढच्या बाळंतपणाला, दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर तिला सगळं पुन्हा तोंडाने सांगावं लागणार नाही. ती फक्त कागद पुढे करील.