झोप लागली, पण झाली का?

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी रात्री साडेदहाला शेवटचा चहा होतो. आत्या तो बशीत ओतून पिते, कप विसळून पालथा घालते आणि अकराला घोरायला लागते. "चहानं झोप उडते म्हणे! तुमच्या पुस्तकात उडत असेल," हे तिचं ठरलेलं वाक्य. बरीच वर्षं माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, कारण विरुद्ध पुरावा रोज रात्री शेजारच्या खोलीत घोरत असायचा.

आपण 'झोप लागली' म्हणतो आणि 'झोप झाली' असंही म्हणतो. दोन्हींचा अर्थ एक नाही, हे रात्रपाळी करून आलेल्या कुणालाही विचारावं. आत्या बोलते ती लागण्याबद्दल. चहाची खरी कारवाई बरेचदा होण्यावर चालते.

आधी झोप येते कशी ते पाहू. पेशी एटीपी नावाचं इंधन वापरतात आणि त्याच्या मोडतोडीतून ॲडेनोसिन हा पदार्थ तयार होतो. आपण जागे असतो तोवर तो मेंदूत साचत जातो. चेतापेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे तो बसला की पेशींचं काम मंदावतं आणि जांभया सुरू होतात. झोपेत हा साठा ओसरतो. कॅफीनचा रेणू ठेवणीने ॲडेनोसिनशी बराच मिळताजुळता, म्हणून तो त्याच जागा अडवतो; पण पेशीला 'मंद हो' असं काही सांगत नाही. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. ॲडेनोसिन मधल्या वाटेत ताटकळत उभं. गर्दी एका माणसानेही कमी झालेली नसते, फक्त कुणाला बसायला मिळालेलं नसतं. रुमाल एकेक करून उचलले गेले की ती सगळी मंडळी टेकतात.

म्हणजे चहातलं कॅफीन शक्ती देत नाही, त्यात उष्मांकच नाहीत. दोन चमचे साखर घातली तर तिचे पस्तीस-चाळीस उष्मांक मिळतात, एका पोळीच्या निम्मेही नाहीत. पहिल्या घोटाला येणारी तरतरी तर कॅफीनची नसतेच. रक्तातलं त्याचं प्रमाण शिगेला पोचायला साधारण ३० ते ६० मिनिटं लागतात. त्या घोटात असतो गरमपणा, गोडवा, आल्याचा ठसका, हातातलं काम बाजूला ठेवल्याचं सुख आणि भरपूर सवय. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

एका कपात कॅफीन असतं किती? कोरड्या चहात वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के. चमचाभर पावडर २ ग्रॅम धरली तर ४० ते ८० मिलिग्रॅम होतं. आपण पावडर नुसती गरम पाण्यात बुडवत नाही, चांगली खळखळ उकळतो. दाणेदार सीटीसी पावडर असली तर त्यातलं बरंचसं कॅफीन पाण्यात उतरतं. दूध घातल्याने रंग आणि चव सौम्य होते, कॅफीन तेवढंच राहतं. इथे टपरीवर 'अडधी', म्हणजे अर्धा कप, मागितली तर अर्थातच कमी.

आता वेळेचा हिशेब. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला निरोगी माणसात सरासरी ५ तास लागतात. दुपारी ४ वाजता ५० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री ९ वाजता २५, पहाटे २ वाजता १२ उरतं. आत्याच्या साडेदहाच्या कपातलं निम्मं कॅफीन पहाटे साडेतीनलाही अंगात असतं. हे ५ तास सगळ्यांना सारखे लागू नाहीत. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) कॅफीन मोडतं ते काहींचं जन्मतःच चपळ, काहींचं सुस्त. सिगारेट ओढणाऱ्यांत ते जास्त वेगाने काम करतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, इतकं मंदावतं की ५ चे १५ तासही होऊ शकतात. त्यामुळे घरातल्या एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडेलच असं नाही.

तरी आत्या झोपते कशी? रोज चहा घेणाऱ्याचा मेंदू रुमालांना सरावतो. उंदरांना बरेच दिवस कॅफीन दिल्यावर त्यांच्या मेंदूत ॲडेनोसिनच्या जागाच वाढलेल्या आढळल्या आहेत. गर्दी पाहून गाडीत जादा बाकं टाकावीत तशा. मग झोप लागायला अडचण येत नाही. पण ती झोप गाढ किती? झुरिकच्या संशोधकांनी १९९५ साली काही तरुणांना सकाळी २०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं आणि रात्री त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. गाढ झोपेच्या संथ लहरी त्या रात्रीही किंचित दबलेल्या दिसल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं, तर यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून अधिक घटली. मला त्यातली खरी मौज वेगळीच वाटते. याच लोकांनी स्वतः लिहिलेल्या झोपेच्या नोंदींत ही घट तितकी स्पष्ट उतरली नव्हती. ४०० मिलिग्रॅम म्हणजे सात-आठ कप चहा, तेव्हा आत्याच्या एका कपाला हा आकडा लावणं अन्यायाचं होईल. पण 'मला काही होत नाही' या साक्षीचं वजन किती, तेवढं त्यातून कळतं.

चहात थिॲनीन नावाचं एक अमिनो आम्लही असतं. १९४९ साली जपानात ते सापडलं. ते मन शांत करतं म्हणून त्याचा बराच गवगवा होतो. पण प्रयोगांत देतात ते प्रमाण आपल्या कपातल्यापेक्षा कितीतरी पट असतं. रात्रीच्या चहाच्या बचावाला ते पुरणार नाही.

सवयीची दुसरी बाजू हरतालिकेला दिसते. आदल्या रात्रीनंतर आत्या पाणीही घेत नाही आणि दुपारी तिचं डोकं ठणकायला लागतं. घरात याला पित्त म्हणतात. उपासाचा आणि तहानेचा वाटा त्यात असेलच, पण कॅफीन थांबल्याची डोकेदुखी नेमकी शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते. रुमाल नाहीत आणि बाकं जादा, तेव्हा ॲडेनोसिन ऐसपैस बसतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं धरतं, सुस्ती येते. सकाळी 'चहाशिवाय डोळे उघडत नाहीत' म्हणतात त्यातही ही तूट बरीच असते. मग पहिला कप तरतरी आणतो की कालच्या कपाने केलेली तूट भरून काढतो, हे वेगळं काढणं संशोधकांनाही जड जातं.

मी आत्याला सुचवलं, रात्री नुसत्या गवती चहाचा काढा घे. इथे गुजरातीत त्याला 'लीली चा' म्हणतात आणि नावामुळे पुष्कळांना तो ग्रीन टीच वाटतो. ग्रीन टीची पानं चहाच्याच झाडाची, त्यात कॅफीन असतं. गवती चहा हे निव्वळ गवत, त्यात ते नसतं. आत्याने पाच रात्री तो घेतला. सहाव्या रात्री पातेल्यात चमचाभर पावडर पडलेली मला दिसली. "गवत उकळून प्यायला मी काय म्हैस आहे?"

पाच रात्रींत झोपेत फरक पडला का, असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही." यंत्र लावलेलं नव्हतं, त्यामुळे हे मी तिच्या बाजूने धरत नाही, माझ्याही नाही.