ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असं नाही

पावसाळा सरत आला की सांगली-मिरजेत घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "ताप उतरलाय, आता कशाला दवाखाना?" साध्या सर्दी-तापात ते खपून जातं. डेंग्यूत मात्र घात इथेच होतो.

डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो, आणि धोक्याचे 24 ते 48 तास तिथून सुरू होतात. काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी पाझरून पोटात, छातीत साठतं. रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळतो. हातपाय गार लागतात आणि घरचे म्हणतात, बघा, उतरला! पोटात जोराची कळ, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पेशंट मलूल किंवा उगाच तळमळणारा, सहा-सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ व्हायची वाट बघू नका.

सगळे प्लेटलेटच्या आकड्यामागे आणि पपईच्या पानांमागे धावतात. डॉक्टर हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडाही, तितक्याच बारकाईने बघतात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आणून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही मापात.