लहान इंजिनाची पिकअप हमखास जास्त अ‍ॅव्हरेज देते?

"पिकअप घेताना लहान इंजिनाची घ्या, डिझेल कमी पिते," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. रिकामी गाडी, सपाट रस्ता असेल तर बहुतेकदा खराही ठरतो. पण पिकअप रिकामी फिरवायला घेतं कोण? दीड टन कांदा भरून माळशेज चढताना लहान इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून ओढावं लागतं. तेवढं वजन वर न्यायला ताकद तेवढीच लागते. इंजिन मात्र जास्त आरपीएमवर फिरतं आणि घर्षणात डिझेल वाया जातं.

पडताळायचं असेल तर टायरची हवा बघून टाकी फुल करा. नेहमीचा माल, नेहमीचा रस्ता, दोनतीनशे किलोमीटर. त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा.