तुळजाभवानीची मंचकी निद्रा

तुळजापूरच्या (जि. धाराशिव) भवानीमंदिरात देवीला मंचकावर, म्हणजे पलंगावर, निजवण्याची वार्षिक परंपरा. बालाघाटाच्या डोंगरात, पायऱ्या उतरून जावे लागते अशा खोलगट जागी हे मंदिर आहे. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ याच वाटेवर लागतात. साडेतीन शक्तिपीठांतील हे एक पूर्ण पीठ. भोसले घराण्यासह महाराष्ट्र-कर्नाटकातील असंख्य घरांची ही कुलदेवता. महिषासुरमर्दिनीच्या रूपातील, काळ्या पाषाणाची ही अष्टभुजा मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवर कायमची बसवलेली नाही. इथल्या साऱ्या उपचारांचे मर्म त्यातच आहे. मूर्ती हलवता येते, म्हणून देवी झोपते, उठते, पालखीत बसते.

वर्षातून तीनदा देवी सिंहासन सोडून पलंगावर निजते. पहिली घोरनिद्रा. भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू झालेली ही निद्रा घटस्थापनेच्या पहाटे संपते. तिच्या आधी गादीसाठी कापूस पिंजण्याचा विधी होतो. घरच्या लेकीसाठी अंथरूण तयार करावे, तसे हे काम मायेने केले जाते. देवी विश्रांती घेऊन उठली, की शारदीय नवरात्राचे घट बसतात. पौष शुद्ध प्रतिपदेला अशीच निद्रा सुरू होते. अष्टमीला देवी सिंहासनावर येते आणि शाकंभरी नवरात्र बसते.

तिसरी निद्रा मात्र युद्धानंतरची, म्हणून ती श्रमनिद्रा. महिषासुराशी झुंजून देवी थकली आहे, अशी श्रद्धा. विजयादशमीची रात्र सरता सरता मूर्ती सिंहासनावरून उचलतात, तिच्याभोवती साड्यांचे दिंड, म्हणजे जाड वेष्टन, गुंडाळतात आणि पालखीत बसवून मंदिराच्या आवारातच सीमोल्लंघन घडवतात. वाटेत पिंपळाच्या पारावर देवी टेकते. संबळ कडाडत असतो, कुंकवाने आवार लाल होते आणि ‘आई राजा उदो उदो’चा गजर थांबत नाही. या सोहळ्याची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, तर पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावचा. दोन्ही गावोगावी दर्शन देत तुळजापूर गाठतात. त्यांच्या मानकऱ्यांत तेली समाजाचे स्थान मोठे आहे. देवीची शेज आणि वाहन इतक्या दुरून, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या मानाने यावे, हे या परंपरेचे खरे वैभव म्हटले पाहिजे. देऊळ तुळजापूरचे असले तरी देवीचे घर कितीतरी गावांत पसरलेले आहे.

एरवी रोज पहाटे चरणतीर्थ (देवीच्या चरणांची पहिली पूजा), त्यानंतर अभिषेक आणि रात्री प्रक्षाळपूजा (धुऊन स्वच्छ करण्याची पूजा) असा क्रम चालतो. गोंधळी, आराधी (देवीचे व्रतस्थ भक्त), कवड्यांची माळ, परडी (जोगव्याची टोपली), पोत (पेटता पलिता) आणि जोगवा हा त्याभोवतीचा लोकाचार.

श्रमनिद्रा आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. त्या दिवसांत सोलापूरकडून आणि कर्नाटकातून येणारे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातात. सोलापूरच्या मानाच्या काठ्याही, म्हणजे देवीच्या भेटीला मिरवत नेले जाणारे उंच दंड, निघालेल्या असतात. पौर्णिमेच्या पहाटे देवी उठून सिंहासनावर बसते, तेव्हा रात्रभर चाललेली माणसे दारात उभी असतात.