गोठलेल्या जमिनीत खोदण्याआधी

खाणींसाठी गोठलेली जमीन तपासून देणाऱ्या आम्हाला बहुतेक ग्राहक पहिल्या फोनवर एवढेच विचारतात, "आमच्या जागेखाली पर्माफ्रॉस्ट आहे का हो?" उत्तर एका शब्दात देता येते, पण त्यावर खाण आखता येत नाही.

सलग दोन वर्षे शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. या व्याख्येत बर्फाचे नावही नाही. कोरडा कातळ उणे पाचवर असला काय नि अधिक पाचवर असला काय, रस्त्याला फरक पडत नाही. उणे अर्ध्या अंशावरची बर्फाळ गाळमाती मात्र आज ड्रिलला दाद देत नाही आणि उष्णता अडवणारे वरचे शेवाळ खरवडले की एकदोन उन्हाळ्यांत टायर गिळते. म्हणून आमच्या नकाशावर दोन गोष्टी दिसतात: बर्फ किती आणि तापमान किती.

नकाशा कसा बनतो?

जमिनीत इलेक्ट्रोड ठोकून आम्ही वीज सोडतो. बर्फातून ती सहज जात नाही, त्यामुळे गोठलेला भाग वेगळा उमटतो. पण कोरडी वाळूही तशीच दिसते, आणि खारट चिकणमातीतले पाणी शून्याखालीही द्रवच राहत असल्याने ती फसवते. तेव्हा बोअर घ्यावेच लागतात. वर आलेल्या कोअरचा (ड्रिलने काढलेल्या जमिनीच्या दंडगोलाचा) तुकडा काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी चिखल बसलेला असतो, वर पाणी. एकूण उंचीत वरच्या पाण्याचा वाटा जेवढा, साधारण त्याच प्रमाणात तो थर वितळल्यावर जमीन खचते. अहवालातल्या दहा आलेखांपेक्षा ही बरणी लवकर पटते, हा आमचा अनुभव.

बोअरमध्ये तापमानाची केबल सोडतो. ड्रिलिंगने जमीन तापलेली असते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांचे आकडे मागू नका. असे मोजणे जुनेच आहे: सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये १८२८ ते १८३७ या काळात पाण्यासाठी ११६ मीटर विहीर खणली. पाणी लागले नाही, गोठलेली जमीनही संपली नाही. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच विहिरीत तापमान मोजले.

मग करायचे काय?

एकतर जमीन गोठलेलीच ठेवा, नाहीतर आधीच वितळवा. कॅनडातल्या क्लोंडाइकचे सोने शोधणारे लाकडे पेटवून, नंतर वाफेचे पाइप खुपसून जमीन वितळवत. इमारती, टाक्या आणि बंधारे यांसाठी आम्ही पहिला मार्ग सुचवतो: खांबांवर उभारणी, खालून वारा खेळता, आणि गरज पडल्यास थर्मोसायफन. या बंद नळीतला द्रव खालच्या उष्णतेने वाफ होतो, वर थंडीत निवतो आणि पुन्हा खाली उतरतो. वीज लागत नाही, पण काम फक्त हिवाळ्यात. अलास्काच्या तेलवाहिनीचे हजारो खांब १९७७ पासून याच नळ्यांनी गारठवलेले आहेत. भुयारी कामात उन्हाळ्याची गरम हवा आत ओढू नका. छताला धरून ठेवणारा बर्फच सुटतो.

आम्ही जागेवर येण्याआधी आम्हाला जुन्या बोअरच्या नोंदी, हवाई छायाचित्रे आणि रस्त्याचा आराखडा पाठवा. तोवर शेवाळाला हात लावू नका आणि कुठे पाणी तुंबत असेल तर आधी त्याला वाट काढून द्या.