पहिला थेंब आणि भरलेला हंडा

नळाला पाणी किती वेगाने येतं, या प्रश्नाची उत्तरं दोन आहेत. चावी सोडल्यावर पहिला थेंब पडायला किती वेळ लागतो, हे एक. हंडा किती वेळात भरतो, हे दुसरं. इंटरनेटच्या जाहिरातीतले '100 एमबीपीएस' फक्त हंड्याबद्दल बोलतात. लांबच्या डॉक्टरला रुग्ण दाखवायचा असतो तेव्हा मात्र कधी हंडा मोलाचा असतो, कधी थेंब, म्हणजे संकेत पोचायला लागणारा विलंब.

हृदयाचा आलेख पाठवायला दोन्ही बेताचेच पुरतात. 1905 साली हॉलंडमधल्या लायडनमध्ये विलेम आइन्टहोवेन यांचं ईसीजीचं यंत्र इतकं अवजड होतं की ते रुग्णापर्यंत नेणं अशक्य. मग त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचे विद्युतसंकेतच प्रयोगशाळेत आणले. आजचा बारा लीडचा (हृदयाकडे बारा कोनांतून बघणारा), दहा सेकंदांचा डिजिटल ईसीजी भरतो जेमतेम शंभर-सव्वाशे केबी. आरोग्य केंद्रातून तो रडतखडत चालणाऱ्या टू-जीवरूनही जातो.

पक्षाघातात हिशेब बदलतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन. यंत्र तालुक्याला असलं तरी मेंदूविकारतज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरात. सीटीच्या एका छेदाची प्रतिमा 512 गुणिले 512 ठिपक्यांची, म्हणजे साधारण अर्धा एमबी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचेही पातळ छेद घेतले तर पाचशे प्रतिमा सहज होतात. झाले 250 एमबी. आता जाहिरातीतला बारकावा बघा: फाइल मोजतात बाइटमध्ये, वेग मोजतात बिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. त्यात अनेक जोडण्यांचा मोठा आकडा असतो डाउनलोडचा, आणि रुग्णालयाला तर अपलोड करायचंय. अपलोड 2 एमबीपीएसच मिळत असेल तर ही फाइल जायला 1000 सेकंद, म्हणजे जवळपास 17 मिनिटं. 100 मिळत असेल तर 20 सेकंद.

मोठी रक्तवाहिनी तुंबली की उपचाराविना दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा एक गाजलेला अंदाज आहे. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकायची वाट बघत तंत्रज्ञ 17 मिनिटं बसला, तर तेवढ्यात सव्वातीन कोटी पेशी गेल्या. अर्थात जाणता तंत्रज्ञ रक्तस्राव आहे की नाही एवढं दाखवणारे मोजके जाड छेद आधी पाठवतो. नेट तेच, पण जीव वाचवायला तेवढी अक्कल पुष्कळदा पुरते.

थेंबाची गोष्ट शस्त्रक्रियेत कळते. 7 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जन जॅक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णालयातल्या 68 वर्षांच्या बाईंचं पित्ताशय रोबोच्या हातांनी काढलं. तिथं रुग्णाजवळ दुसरे सर्जन तयारीत उभे होतेच. 1927 साली एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकावरून या मोहिमेला 'लिंडबर्ग' नाव दिलं होतं. चारच दिवसांनी त्याच न्यूयॉर्कवर हल्ला झाला, आणि जगाचं लक्ष दुसरीकडे गेलं.

सर्जनने हात हलवला, रोबो हलला आणि ते चित्र परत न्यूयॉर्कला दिसलं, यात सरासरी 155 मिलिसेकंद गेले. जाऊन-येऊन अंतर 14,000 किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे 70 मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे. ते कुणालाच वाचवता येत नाहीत, कितीही महागडा प्लॅन घ्या. उरलेले मुख्यतः चित्राचं संकेतांत रूपांतर करण्यात आणि पुन्हा उलगडण्यात गेले. 36,000 किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत हेच करायला गेलं तर नुसत्या प्रवासालाच अर्धा सेकंद लागतो. इस्रोने 2001 पासून अशा उपग्रहांवरून दूरच्या रुग्णालयांना तज्ज्ञ जोडून दिले. सल्ल्याला अर्धा सेकंद चालतो, जरा एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं होतं इतकंच. पण सुरी चालवताना रक्त अर्ध्या सेकंदाने दिसून कसं चालेल?

मला सगळ्यात गंमत वाटते ती एका आकड्याची. लिंडबर्गची लाइन होती 10 एमबीपीएसची. आज घरोघरी याहून मोठी असते. पण ती अख्खी त्या एका शस्त्रक्रियेसाठी राखलेली होती. आपल्याकडे सकाळी अकराला ओपीडी भरते तेव्हा त्याच जोडणीवर केसपेपरची नोंदणी, सीसीटीव्ही, औषधांचा साठा आणि व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांचे व्हिडिओ धावत असतात. "दीर्घ श्वास घ्या," असं डॉक्टर पडद्यावरून सांगतात. बाई श्वास घेऊन सोडूनही मोकळ्या होतात, आणि पलीकडे चित्र अडकलेलंच. वेग कमी नसतो, विलंब सारखा वरखाली होत असतो. यावरचा उपाय स्वस्त आहे: राउटरमध्ये तपासणीच्या व्हिडिओला अग्रक्रम द्यायचा आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढायचं.

दुसरी कंपनी घेऊन जोड-लाइन ठेवतात तेही बरोबरच. फक्त दोन्ही तारा कुठून येतात ते रस्त्यावर जाऊन बघावं. बऱ्याचदा त्या एकाच चरातून येतात, आणि गटाराच्या कामाला आलेला जेसीबी दोन्ही एकाच फावड्यात उचलतो.